पाणकणसाचे लोड

कापसाच्या मुलखात राहून सख्ख्या बहिणीच्या लग्नाला घरात कापूस उरला नाही, असं सांगणारा माणूस एक तर खोटारडा असतो, नाही तर तो मी असतो.

आमचं गाव हिंगोलीकडच्या पुसेगावच्या अंगाला. काळी, चिकट जमीन. दिवाळीनंतर घरात कापूस येऊन पडायला लागला की माणसांना झोपायला जागा उरायची नाही. आम्ही कापसावरच अंग टाकायचो आणि सकाळी उठून एकमेकांच्या केसांतल्या सरक्या काढायचो. दुसरी लढाई चालू होती. अंमल निजामाचा होता. मी उर्दू शाळेच्या सात यत्ता करून आलेला होतो, त्यामुळं गावातलं सगळ्यात शिकलेलं गाढव कोण, यावर वाद नव्हता.

माझ्या पाठच्या बहिणीचं लग्न डोंगरकडा गावातल्या एका घरी ठरलं. नवऱ्यामुलाचे वडील, म्हणजे आमचे इवाई, अंगानं भारी आणि मानानं त्याहून भारी. त्यांनी देण्याघेण्याचा शब्द काढला नाही. निरोप एकच पाठवला: "जानोशात बैठक बराबर पायजे. आमच्यात माणूस लोडाला टेकल्याबिगर बोलत न्हाई." जानोसा म्हणजे वऱ्हाड उतरवायचं घर. आमच्या बाबांना हे मागणं फार आवडलं. देखणं मागणं होतं, आणि आपल्या वावरातलंच होतं.

बाबा मला म्हणाले, "बारा लोड भरायचे. कापसाचं एक पोतं येगळं काढून ठेव. एवढं तरी जमंल नव्हं?"

"बाबा, मी काय लेकरू हाय का?" मी म्हणालो.

पोतं मी वेगळं काढलं होतं, हे देवाशपथ खरं. पण कापसाची शेवटची गाडी हिंगोलीला जिनावर, सरकी काढायच्या कारखान्यावर, निघाली तेव्हा गाडीत कोपऱ्यात जागा रिकामी दिसली. हिंगोलीत तंबूतला बोलपट आलेला. लवकर गाडी भरली की लवकर निघता येईल, या घाईत मी दिसेल ते पोतं गाडीत टाकलं. बोलपट चांगला होता. त्यातल्या नायकानं बहिणीसाठी जीव दिला तेव्हा मी ढसाढसा रडलो.

लग्न आठ दिवसांवर आलं तेव्हा माय म्हणाली, "अरे, लोडाचा कापूस काढ बाहीर." आणि ते पोतंही हिंगोलीला गेल्याचं मला आठवलं. चैत्र लागलेला. गावातला सगळा कापूस कधीच जिनावर गेलेला. कुणाच्या घरी मूठ-मूठ मागायला गेलो असतो तर बातमी माझ्याआधी बाबांपर्यंत पोचली असती. बाबांचा हात मोठा होता, आणि माझं वय मार खाण्याचं उरलं नव्हतं. पण त्यांना ते कुणी सांगितलेलं नव्हतं.

मी तळ्यावर गेलो. विचार करायला गेलो, असं मी तेव्हा स्वतःला सांगितलं.

गावाखालच्या त्या तळ्याच्या निम्म्या काठाला पाणकणसाचं रान होतं. डोक्याच्यावर जाणारी तलवारीसारखी पाती, आणि मधून सरळ काठीवर बसलेली तपकिरी कणसं, मखमल गुंडाळल्यासारखी. काही लोक त्याला रामबाण म्हणत. आत पाणकोंबड्या अंडी घालत; म्हशी काठानं लोळत, पण आत शिरत नसत, कारण खाली मुळांची जाळी आणि चिखल पाय धरून ठेवायचा. मी एक कणीस मोडलं. बोटानं जरा चोळलं. आणि त्या एवढ्याशा कणसातून पांढरा, मऊ, रेशमासारखा भुरा निघायला लागला तो थांबेचना. ओंजळ भरली, मांडी भरली. माझ्या डोक्यात जो उजेड पडला त्याचं वर्णन मी पुढं कित्येक वर्षं हसत हसत करत आलो. आज फक्त एवढंच म्हणतो, की पडला.

मी कणसं तोडत होतो तेव्हा पातीच्या आडून आवाज आला, "काहून तोडून राहिला रे एवढी?"

मेंढरं राखणाऱ्या घरातली एक मावशी होती. गाव तिला मावशीच म्हणायचं. पाणी उतरलं की ती पाती कापायची, सावलीत वाळवायची आणि चटया विणायची. तिच्या चटया कोकरांच्या अंगाखाली जायच्या. थंडीत कोकरू ओल्या जमिनीवर निजलं की मरतं. त्या पातीत मधमाशीच्या पोळ्यासारखी बारीक घरं असतात, त्यांत हवा भरलेली, म्हणून खालचा गारठा वर येत नाही. हे मला तेव्हा माहीत नव्हतं. मला तेव्हा उर्दू येत होतं.

"लोड भरायचे, मावशी. बहिणीच्या लग्नातले."

"आन् घरचा कापूस?"

"हिंगोलीला गेला."

"एकलाच गेला, का तुला संग घेऊन गेला?"

मी पुढचं कणीस मोडलं. ती जवळ आली, माझ्या हातातलं कणीस घेतलं आणि दाबून दाखवलं. "हे कसं टणक लागतंय? हे दाबून बसलेलं असतं लेकरा. मोकळं झालं की घरात मावत न्हाई. आदी फोड. उन्हात पसर, वर धोतर टाक. चार दिस फुगू दे. मग सैल भर, खोळ दुहेरी लाव. आक्खं कणीस कोंबू नगंस. ते खोळीत फुटंल."

तिचं म्हणणं सोनं होतं. अडचण एवढीच, की चार दिवस अंगणात फुगत ठेवलेली कणसं बाबांना दिसली असती. शिवाय अख्ख्या कणसांनी लोड असा काही घट्ट व्हायचा, की वा! नुसत्या भुऱ्याला ती ऐट नव्हती. मी कडब्याच्या गंजीमागं बसून बारा लोडांत पोत्यानं कणसं कोंबली, वरून थोडा भुरा पसरला, आणि लढाईमुळं कापड मिळत नव्हतं म्हणून एकेरी मांजरपाटाच्या खोळी चढवल्या.

तोंडं शिवायला बहिणीकडं नेले. तिनं सुई हातात घेतली, लोडात बोटं घातली आणि थांबली.

"दादा, हा कापूस न्हाई."

"कापसाचा मावसभाऊ हाय."

"बाबाला ठावं हाय?"

"तू सांगितलंस तं व्हईल."

पंधरा-सोळा वर्षांची पोरगी. लग्न तिचं, पाव्हणे तिचे, आणि मार चुकवायचा होता माझा. तिनं खाली मान घातली आणि बाराही लोडांची तोंडं शिवली. दोन-दोन वेळा टाके घालून शिवली. हे मी लोकांना सांगताना कधीच सांगितलं नाही. गोष्टीत ते बसत नव्हतं.

लग्नाच्या दिवशी बाबांनी जानोशातल्या लोडावर थाप मारली आणि म्हणाले, "यंदाचा माल झकास हाय." मी मान डोलावली.

वऱ्हाड आलं. दुपार चढली. पत्र्याखाली भट्टी झालेली. आतल्या कणसांना तेच हवं होतं. मी पाण्याचा तांब्या घेऊन फिरत होतो तेव्हा मला लोड सकाळपेक्षा जाडे दिसले. उन्हानं डोळे दिपले असतील, असं मी मनाला समजावलं. इवाई बैठकीवर आले, धोतर सावरलं, फेटा नीट केला आणि सगळं अंग लोडावर टाकलं.

आवाज मोठा झाला नाही. 'फुस्स' झालं, एवढंच. शिवण उघडली आणि पाच-सहा कणसं एकदम फुटली. त्यांच्या पाठीमागून पांढरा ढग उठला आणि वाढतच गेला. ते दचकून शेजारच्या लोडावर कलंडले, तोही गेला. तेवढ्यात दारातून वावटळीचा झोत आत आला. मग कोण कुठं बसलंय, काही दिसेना. माणसं खोकत होती, शिंकत होती, भिंती चाचपत होती. नवरदेव नुकताच हळद लावून बसलेला. तेल-हळदीच्या ओल्या अंगाला तो सगळा भुरा चिकटला आणि तो अंड्यातून निघालेल्या पिलासारखा दिसायला लागला.

धुरळा बसला तेव्हा इवाईंच्या मिशीपासून पायापर्यंत सगळं पांढरं होतं. त्यांनी चिमटीत एक पुंजका धरला. "ही काय चीज हाय?"

वऱ्हाडातल्या कुणीतरी ओळखलं. "हे तं पाणकणीस. मेंढरं-कोकरं बसतात त्यातलं."

इवाईंचा चेहरा बदलला. "आमाला मेंढरांत काढलं व्हय?"

बाबांना काहीच कळलं नव्हतं. पण घर त्यांचं, लोड त्यांचे. त्यांनी फेटा काढला आणि इवाईंच्या पायांपुढं ठेवला. "फसवलं न्हाई हो. माझ्या वावरातला कापूस हाय, लेकीची आन." त्या पांढऱ्या भुऱ्यात हात जोडून उभा असलेला, खोटा पडलेला माझा बाप. मी पुढं होऊन सांगायला हवं होतं. तोंड उघडलंही. पण त्यातून काय निघालं?

"मामा, रागावू नगा. याला रामबाण म्हनतेत. गुडघ्यावर, कमरेवर, समद्यावर रामबाण इलाज! तुमच्यासाटी खास भरला."

मग नवरदेव हसला. पिलासारखा तो थरथरत हसला आणि त्याच्या अंगावरून भुरा उडाला, तसं सगळं वऱ्हाड हसलं. इवाई हसले नाहीत. त्यांनी बाबांचा फेटा उचलून त्यांच्या हातात दिला आणि म्हणाले, "लगन व्हईल. पोरीचा दोष न्हाई. पन ही गोष्ट मांडवाबाहीर गेली न्हाई पायजे. माझी माणसं बोलनार न्हाईत. तुमी तुमची सांभाळा."

निघताना बहीण मायच्या गळ्यात पडली, बाबांच्या पाया पडली, आणि माझ्यापाशी येऊन कानात म्हणाली, "दादा, मी टाके घातले ते कुणालाच बोलले न्हाई. तू बी जीभ आवर. दुसरं काई मागत न्हाई."

मी आवरली. दहा महिने आवरली. माझ्यासारख्या माणसाला हे उपासासारखं होतं.

बहीण पहिल्या सणाला आली तेव्हा सुखात होती. सासरा कडक होता, पण बोलायचा मायेनं. नवरा रोज थट्टा करायचा: 'रामबाण कुठं हाय माझा?' ते सांगताना ती लाजली. मी म्हणालो, बघ, माझ्या जिभेनंच तुझं लग्न वाचवलं. ती म्हणाली, "व्हय दादा. आता तिला निजू दे."

मग औंढ्याला यात्रा भरली. देवळाबाहेर चहाच्या हॉटेलात आम्ही दहा-बारा जण बसलेलो. एकानं आपल्या लग्नातली फजिती सांगितली. फार सामान्य फजिती होती. लोक तिला हसत होते, आणि माझ्याजवळ ह्याच्या दसपट मोठी फजिती कुजत पडली होती. मी सुरुवात केली ती 'नाव-गाव विचारू नका' म्हणून. लोकांनी विचारलं नाही. डोंगरकडा असं मीच मध्ये बोलून गेलो.

काय हसले ते! हॉटेलवाल्यानं चहा ओतायचा थांबवला. मग मी ती गोष्ट हिंगोलीत सांगितली, पुसेगावात सांगितली, गाडीतळावर सांगितली. प्रत्येक वेळी जरा घासली, जरा रंगवली. आणि एका वेळी, इवाई म्हणतात 'आमाला मेंढरांत काढलं व्हय?' त्या जागी लोक हवे तेवढे हसले नाहीत म्हणून मी पुढं एक आवाज जोडला. म्हणालो, "आन् एवढं बोलायला तोंड उघडलं, तं घशात भुरा! आवाजच निघंना. निघाला तो असा: बेंऽऽऽ!"

ते घडलंच नव्हतं. मी केलेलं होतं. आणि गोष्टीतलं तेवढंच लोकांनी घरी नेलं.

दोन महिन्यांनी जावई बैलगाडी घेऊन आला. गाडी वेशीतच उभी केली, आत आला नाही. बहीण उतरली, हातात बोचकं. जावई मला म्हणाला, त्याच्या बोलण्यात राग नव्हता, तो असता तर बरं झालं असतं: "बाबा बाजारात गेले की लोक मागून बेंबें करून राहिलेत. लहान लेकरं बी. पंधरा दिस झाले, त्यांनी उंबरा ओलांडला न्हाई. हिला बघितलं की ताटावरून उठतात. त्यांचं मन निवलं की नेतो."

बहिणीनं गाडी दिसेनाशी होईपर्यंत वाट पाहिली. मग माझ्याकडं वळली.

"समदं सांगितलंस ते सांगितलंस. खरं तरी होतं. पन बेंबें कोनी केलं होतं रे, दादा?"

मी डोंगरकड्याला गेलो. इवाईंच्या पायावर डोकं ठेवलं. लोडाला टेकलेले नव्हते ते; ताठ बसलेले. त्यांनी मला उठवलं, पाणी दिलं, आणि म्हणाले, "मी तुला माफ केलं. आता भायेर जाऊन बाजाराला इचार." मी खरंच बाजारात गेलो. गाडीतळावर उभा राहून ओरडून सांगितलं की ते बेंबें माझं होतं, त्यांनी केलं नव्हतं. लोकांनी गोल केलं, पोट धरून हसले, आणि एक जण म्हणाला, "पुन्हा एकदा करून दाखव ना!" अशानं माझ्या माफीची पण एक गोष्ट झाली.

जावयाच्या दुसऱ्या लग्नाची बातमी दुसऱ्या उन्हाळ्यात आली. त्या दिवशी बहीण जेवली, भांडी घासली, आणि विळा घेऊन तळ्यावर गेली. मावशी तिथं होतीच.

पुढची वर्षं ती त्या पाण्यात राहिली, असं म्हटलं तरी चालेल. मावशीनं तिला सगळं शिकवलं. कणीस न धरलेल्या रोपाची पाती कापायची, धरलेल्याची चिवट होते. मुळाला विळा लावायचा नाही. पाळीच्या, म्हणजे तळ्याच्या बांधाच्या, अंगानं पट्टा उभाच ठेवायचा, नाही तर लाटा पाळ खातात. पाणकोंबडी बसलेली असेल तिथं त्या साली जायचंच नाही. पात सावलीत वाळवायची, विणायच्या आदल्या दिवशी ओल्या फडक्यात गुंडाळायची. भाजलेल्यावर भुरा दाबून बसवायचा, पण लेकराच्या डोळ्यांपासून दूर ठेवायचा. मायचा हात चुलीवर पोळला तेव्हा बहिणीनंच तो बांधला. मी शेजारी उभा होतो. मला तिनं कापड धरायला सांगितलं.

आणखी एक गंमत. त्या दुपारी जानोशातून उडालेला भुरा गावभर गेला होता. त्यातलं काही बियाणं आमच्या परसातल्या सांडपाण्याच्या डबक्यात पडलं असावं. पावसाळा संपता संपता तिथं पाणकणीस उगवलं. मी ते उपटलं. पुन्हा आलं. खणून काढलं. चिखलात आडवं पळणारं मूळ बोटभर जरी राहिलं तरी पुन्हा वर येतं, हे मावशीनं मला हसत सांगितलं. बहीण म्हणाली, "राहू दे. मला तळ्यापर्यंत जायाची तकलीफ वाचंल." ती खरोखर घरच्या घरी पाती कापायला लागली. रोज सकाळी तोंड धुवायला गेलो की ती कणसं माझ्यासमोर उभी: हिरवी, उंच, बिनतक्रार.

मी गोष्टी सांगणं सोडलं, असं मात्र समजू नका. ती एक सोडली. बाकीच्या चालू होत्या.

निजामाचा अंमल गेला त्या दिवाळीला गावात माणसं परतली. रझाकारांच्या भीतीनं हद्दीपलीकडं वऱ्हाड प्रांतात गेलेले नातलग, ओळखीपाळखीचे, सगळे एकेकाच्या अंगणात जमत होते. आमच्याही जमले. वर्षभर कुणी मोठ्यानं हसलेलं नव्हतं. कुणाला तरी आठवलं. "अरे, ती सांग ना! लोडाची. बेंबें!"

"सांग, सांग," सगळे म्हणाले.

मी म्हणालो, "इसरलो."

"हा इसरतो व्हय? लाजून राहिला गडी! सांग रे, लई दिस झाले हसून."

बहीण ओट्यावर चटई विणत बसलेली होती. पाहुण्यांतल्या निम्म्यांना माहीत नव्हतं की गोष्टीतली नवरी तीच. मी तिच्याकडं पाहिलं नाही; पाहवलं नाही. अंगणात सगळी तोंडं माझ्याकडं वळलेली, हसण्याच्या तयारीत, उघडी. मी जमीन बघत होतो. मला वाटलं, आता ती उठून आत जाईल. ती उठली नाही. पातीखालून पात काढली, ओढली, बोटानं दाबून बसवली. आणि मान वर न करता म्हणाली,

"बें."

अंगण हसण्यानं फुटलं. कुणी मांडीवर थाप मारली, कुणी डोळे पुसले, कुणीतरी म्हणालं, "वा गं पोरी, भावाच्या वर निघालीस!" तिनं पुढची पात उचलली.

आवाज तिनं बराबर माझ्यासारखा काढला होता.